एम्-ओ-एन् या आद्याक्षरांची इंग्रजी नामे : अर्थांचा ऐतिहासिक मागोवा

शब्दांची मांडणी अर्थानुसार करावी की अक्षरानुसार, हा प्रश्न वरवर पाहता कोशकारांच्या सोयीचा वाटतो. भारतीय परंपरेने प्राधान्याने पहिला मार्ग स्वीकारला. ‘अमरकोशा’त राजवाचक शब्द क्षत्रियवर्गात, धनवाचक वैश्यवर्गात, महिने व ऋतू कालवर्गात, तर वन्य पशू सिंहादिवर्गात येतात. (तिसऱ्या कांडातील नानार्थवर्गात अंत्य व्यंजनाचा क्रम आहे, परंतु तो अपवाद होय.) शिवकालीन ‘राजव्यवहारकोश’ही वर्गांतच विभागलेला आहे. इंग्रजीतील पहिला एकभाषिक कोश रॉबर्ट कॉड्री याने १६०४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे अडीच हजार शब्द वर्णानुक्रमाने होते आणि वाचकाने आधी वर्णमालेचा क्रम नीट पाठ करावा, अशी सूचना त्यास प्रस्तावनेत द्यावी लागली. म्हणजे ज्या क्रमाचे आज कोणालाही नवल वाटत नाही, तो त्या काळच्या सामान्य इंग्रज वाचकाच्याही अंगवळणी पडलेला नव्हता. मराठीत मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाने आणि पुढे १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशाने हाच क्रम रूढ केला.

या क्रमाचा एक परिणाम असा की, ज्यांचा परस्परांशी रक्ताचा संबंध नाही असे शब्द शेजारी येतात आणि अभ्यासकास त्यांच्यात नाते असल्याचा भास होतो. एम्-ओ-एन् या तीन अक्षरांनी आरंभ होणारी नामे हे याचे ठळक उदाहरण आहे. त्यांचे अर्थ पैसा, संन्यासी, राक्षस, महिना, पाऊस, मुंगूस असे दूरदूरचे आहेत.

मुळात ही तीन अक्षरे सर्वत्र मूळची नाहीत, ही बाब महत्त्वाची आहे. ‘मंक’ (संन्यासी) हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘मुनुक्’ असा होता आणि उकाराने लिहिला जाई. मध्ययुगीन हस्तलिखितांत एम्, एन् आणि यू ही अक्षरे एकसारख्या उभ्या रेघांनी काढली जात. ती सलग आली की वाचताना घोटाळा होई. म्हणून लेखनिकांनी अशा ठिकाणी यू ऐवजी ओ लिहिण्यास आरंभ केला, असे भाषाभ्यासक सामान्यतः मानतात. उच्चार मात्र फारसा बदलला नाही. ‘मंक’ आणि ‘मनी’ या शब्दांत ओ लिहून अकार उच्चारावा लागतो, याचे मूळ लेखणीच्या या अडचणीत आहे. वर्गात विद्यार्थी या विसंगतीवर बोट ठेवतात, तेव्हा ‘इंग्रजी असेच आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

लॅटिन ‘मोनेरे’ म्हणजे स्मरण देणे, सावध करणे. संस्कृत ‘मन्’ धातूशी त्याचे नाते आहे. त्यापासून ‘मॉन्युमेंट’ (स्मारक) आले आणि ‘मॉन्स्टर’ही आले, कारण रोमन समजुतीत विचित्र जन्म हा देवांनी दिलेला इशारा असे. ‘मनी’चा प्रवास याहून वळणाचा आहे. रोममधील कॅपिटोलाइन टेकडीवर जूनो मोनेटा या देवतेचे मंदिर इ.स.पू. ३४४ मध्ये उभारले गेले. पुढे त्याच परिसरात नाणी पाडली जाऊ लागली आणि देवतेचे उपपद टांकसाळीस, मग नाण्यास लागले. सिसेरोने या उपपदाचा संबंध इशाऱ्याशी जोडला असला तरी तो विवाद्य आहे. ‘मिंट’ (टांकसाळ) हाही याच ‘मोनेटा’चा वंशज, त्याची आद्याक्षरे निराळी असल्याने कोशात तो आपल्या सख्ख्या भावंडापासून दूर पडतो.

याच धातूचा ‘मॉनिटर’ मराठी शाळांत घरचा झाला आहे. शिस्त राखणारा ज्येष्ठ विद्यार्थी या अर्थी तो इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापासून आढळतो. परंतु त्याला जगभर नेले ते अँड्र्यू बेल आणि जोसेफ लँकेस्टर यांच्या पद्धतीने. बेल हा मद्रासजवळील एग्मोर येथील अनाथालयाचा अधीक्षक होता. देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली, तो प्रकार आपल्या संस्थेत आणला आणि मुलांकडूनच मुलांना शिकविण्याची व्यवस्था केली. १७९७ मध्ये लंडनला त्याने या प्रयोगाची हकिकत छापली. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी १८१४ च्या खलित्यात, भारतातील पंतोजींची ही रीत बेलमार्फत इंग्लंडमध्ये आल्याचे मान्य केले. धर्मपाल यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात या व्यवहाराकडे लक्ष वेधले. पद्धतीला बेल आणि लँकेस्टर यांची नावे मिळाली, पदाला लॅटिन नाव मिळाले. ज्या पंतोजीच्या शाळेत ती वाळू होती त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही.

‘मंक’, ‘मोनार्क’ आणि ‘मोनॉपली’ ही नामे ग्रीक ‘मोनोस’ म्हणजे ‘एकटा’ यापासून निघाली : एकटा राहणारा, एकटा राज्य करणारा, एकट्याने विकण्याचा अधिकार. यांतील तिसऱ्याशी भारताचा संबंध प्रत्यक्ष आहे. ३१ डिसेंबर १६०० च्या सनदेने कंपनीस पूर्वेकडील व्यापाराचा मक्ता पंधरा वर्षांसाठी मिळाला. १६२४ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याने व्यक्तींना दिलेले मक्ते रोखले, पण व्यापारी कंपन्यांना वगळले. १८१३ मध्ये चहा व चीनचा व्यापार सोडून आणि १८३३ मध्ये पूर्णपणे हा मक्ता संपला. एकाच शब्दाने निंद्य ठरलेली गोष्ट समुद्रापलीकडे दोन शतके कायदेशीर राहिली.

‘मंथ’ आणि ‘मंडे’ हे जर्मानिक कुळातील असून दोहोंचे मूळ चंद्रवाचक आहे. संस्कृत ‘मास’ त्यांचा दूरचा आप्त होय. ‘मंडे’ आणि ‘सोमवार’ यांचा अर्थही एकच.

‘मान्सून’ची गोष्ट मराठी भाषकास अधिक जवळची आहे. अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ, विशेषतः बंदरातून गलबते सुटण्याचा. अरबी समुद्रातील ही परिभाषा पोर्तुगीजांनी ‘मोंसांव’ अशी उचलली. गोव्याकडे येणारी त्यांची जहाजे मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडून याच वाऱ्यांवर विसंबत. तेथून सोळाव्या शतकाच्या अखेरीस शब्द इंग्रजीत गेला. त्याच अरबी मूळचा ‘मोसम’ मराठीत निराळ्या वाटेने आला. हवामानाच्या बातमीत ‘मान्सून’ आणि ‘मोसमी वारे’ हे दोन्ही शब्द येतात, तेव्हा एकाच शब्दाच्या दोन फेऱ्या एका वाक्यात भेटतात.

‘मुंगूस’ हा तर इंग्रजीने थेट मराठीकडून घेतलेला शब्द मानला जातो. त्याचे मूळ द्राविडी भाषांत असावे. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशात तो उकारानेच नोंदला आहे. पुढे रूढ लेखनात ओकार आला आणि शेवटी हंसवाचक ‘गूस’ दिसू लागले, म्हणून त्याचे अनेकवचन कसे करावे याविषयी इंग्रजी भाषकच गोंधळतात. हंसाशी त्याचा काही संबंध नाही. १८७२ मध्ये उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेण्यात आली. काही वर्षांतच त्यांची संतती स्थानिक पक्षी आणि सरपटणारे प्राणी फस्त करू लागली. तेथील मळेवाल्यांच्या आणि मजुरांच्या तोंडी तोवर हा शब्द पक्का बसला होता.