वातानुकूलन यंत्राचे वयनिर्धारण

वातानुकूलन यंत्राचे वयनिर्धारण म्हणजे घरातील वातानुकूलन यंत्र (बोलीभाषेत एसी) कोणत्या वर्षी व शक्य असल्यास कोणत्या महिन्यात तयार झाले, हे त्यावरील माहितीपट्टी, अनुक्रमांक, तारांकन पत्रक व शीतक वायू यांवरून ठरविणे होय. वापरलेले यंत्र विकत घेताना, दुरुस्ती करावी की नवे यंत्र घ्यावे हे ठरविताना, हमीची मुदत तपासताना आणि यंत्र भंगारात काढताना ही माहिती आवश्यक ठरते. केवळ थंड हवा देणारी आणि थंड व उष्ण अशी दोन्ही प्रकारची हवा देणारी यंत्रे, या दोहोंना हीच पद्धत लागू पडते.

स्थानिक संदर्भ

पुणे जिल्ह्यातील चिखली हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तळवडे, भोसरी व चाकण येथील कारखान्यांत काम करणारी अनेक कुटुंबे या परिसरात राहतात. भाड्याच्या घरासाठी वापरलेले यंत्र घेणाऱ्या कुटुंबाला बहुधा खरेदीची पावती मिळत नाही. अशा वेळी यंत्रावरील खुणा हाच एकमेव पुरावा उरतो. चिखलीतीलच कुदळवाडी हा भाग भंगार व्यवसायासाठी दीर्घकाळ ओळखला जात असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील अनधिकृत बांधकामांवर मोठी कारवाई केली.

माहितीपट्टी

विभक्त (स्प्लिट) यंत्राच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही भागांवर स्वतंत्र माहितीपट्टी असते. खिडकीत बसविण्याच्या यंत्रावर ती एकच असते. पट्टीवर प्रतिरूप क्रमांक (मॉडेल), अनुक्रमांक, शीतकाचे नाव व वजन, विद्युतदाब इत्यादी तपशील छापलेले असतात. काही उत्पादक निर्मितीचा महिना व वर्ष तेथेच स्पष्टपणे देतात. आतील व बाहेरील भागांच्या तारखांत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे. मात्र काही वर्षांचा फरक आढळल्यास एक भाग नंतर बदललेला आहे, असे समजावे. संपीडकावर (कॉम्प्रेसर) स्वतःची वेगळी पट्टी असते. तो बदललेला असल्यास त्यावरील तारीख संपूर्ण यंत्राची मानता येत नाही.

उत्पादकाचे नाव हीदेखील एक खूण आहे. उदाहरणार्थ, जॉन्सन कंट्रोल्स आणि हिताची यांचा संयुक्त उपक्रम २०१५ मध्ये अस्तित्वात आला. म्हणून पट्टीवर ही दोन्ही नावे एकत्र असलेले यंत्र त्यापूर्वीचे असू शकत नाही.

अनुक्रमांकाचे वाचन

तारीख स्पष्ट छापलेली नसल्यास ती बहुधा अनुक्रमांकात दडलेली असते. प्रत्येक उत्पादकाची रीत निराळी असते.

• एलजी: पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक, तर पुढील दोन अंक महिना दर्शवितात. ‘९०४’ ने सुरू होणारा क्रमांक एप्रिल २००९ किंवा एप्रिल २०१९ असा वाचता येतो.
• कॅरिअर (अमेरिकेतील यंत्रे): पहिले दोन अंक आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवितात. ‘२३०६’ म्हणजे २००६ सालचा तेविसावा आठवडा.
• लेनॉक्स: तिसरा व चौथा अंक वर्ष आणि त्यानंतरचे अक्षर महिना दर्शविते.

शेवटच्या दोन पद्धती प्रामुख्याने अमेरिकेत आढळतात. तेथील घरांत उष्ण व थंड हवेची मध्यवर्ती यंत्रणा घरासोबतच विकत घेतली जाते, त्यामुळे घर घेण्यापूर्वी तिचे वय पाहण्याची प्रथा आहे.

तारांकन पत्रक

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन योजना २००६ मध्ये सुरू झाली आणि घरगुती वातानुकूलन यंत्रांसाठी ती २०१० पासून सक्तीची झाली. सुरुवातीच्या पत्रकांवर ‘ईईआर’ हे साधे गुणोत्तर असे. वर्षभरातील बदलत्या तापमानाचा विचार करणारे ‘आयसीर’ (भारतीय हंगामी ऊर्जा कार्यक्षमता गुणोत्तर) २०१५ मध्ये ऐच्छिक स्वरूपात आले व २०१८ पासून सर्व यंत्रांना लागू झाले. पत्रकावर त्याच्या वैधतेचा कालावधीही छापलेला असतो.

ताऱ्यांची संख्या वर्षाशिवाय निरर्थक ठरते. २०१८ च्या निकषांनुसार विभक्त यंत्राला पाच तारे मिळविण्यासाठी आयसीर ४.५ पुरेसे होते. जुलै २०२२ पासून ती मर्यादा ५.० झाली. म्हणजे जुने ४.५ गुणोत्तराचे ‘पंचतारांकित’ यंत्र जुलै २०२२ च्या मोजपट्टीवर चारच ताऱ्यांचे ठरले. वय माहीत नसलेल्या ग्राहकाला याची किंमत दरमहा वीजबिलातून मोजावी लागते.

शीतकावरून अनुमान

जुन्या यंत्रांत आर-२२ हा वायू असे. तो ओझोन थराला हानिकारक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. भारतात नवीन उपकरणांच्या निर्मितीत त्याचा वापर १ जानेवारी २०२५ पासून प्रतिबंधित आहे. त्याच्या जागी आर-४१०ए व आर-३२ हे वायू प्रचलित झाले. गोदरेजने २०१२ पासून आर-२९० (प्रोपेन) वापरणारी यंत्रे भारतात आणली. हे वायू काही काळ एकाच वेळी बाजारात होते, त्यामुळे शीतकावरून केवळ अंदाजे कालखंड कळतो, नेमके वर्ष नव्हे.

ही नोंद सुरक्षिततेसाठीही महत्त्वाची आहे. आर-४१०ए चा दाब आर-२२ पेक्षा सुमारे दीडपटीहून अधिक असतो, आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० अतिज्वलनशील आहे. म्हणून पट्टीवर लिहिलेल्या वायूशिवाय दुसरा वायू यंत्रात भरणे धोक्याचे असते.

खुणांचा मेळ

कोणतीही एक खूण निर्णायक मानू नये. वरील ‘९०४’ च्या उदाहरणात यंत्रावर आयसीरचा उल्लेख व आर-३२ वायू असल्यास ते २०१९ चे ठरते, कारण २००९ मध्ये आयसीर अस्तित्वातच नव्हते. याउलट पट्टीवर आर-२२ असून पत्रकच नसल्यास २००९ हे वर्ष अधिक संभवते. मात्र पत्रक काढून टाकलेले असू शकते, हे लक्षात ठेवावे.

निर्मितीची तारीख आणि वापराचा आरंभ यांतही फरक असतो. यंत्र गोदामात काही महिने पडून राहू शकते. हमीची मुदत सामान्यतः खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते. त्यामुळे पावती उपलब्ध असल्यास ती जपून ठेवावी. बाहेरील रंग किंवा गंज यांवरून वय ठरविणे अविश्वसनीय आहे. जुन्या यंत्राला नवा रंग देता येतो, तर उन्हापावसात राहिलेले नवे यंत्रही लवकर गंजते.

आयुर्मान व विल्हेवाट

ई-कचरा व्यवस्थापनाच्या शासकीय गणनेत वातानुकूलन यंत्राचे सरासरी आयुर्मान १० वर्षे धरले जाते. ही गणनेची सोय आहे, यंत्र बंद करण्याची मुदत नव्हे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून, त्यांनुसार निकामी यंत्रांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवरही आहे. यंत्र अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे. तांब्यासाठी नळ्या कापताना शीतक हवेत सोडला जातो. आर-२२ ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट आहे. त्यामुळे नळ्या कापण्यापूर्वी यंत्राचे वय व त्यातील वायू ओळखणे आणि तो वायू टाकीत काढून घेणे आवश्यक असते.

हे सुद्धा पाहा

• वातानुकूलन
• ई-कचरा
• मॉन्ट्रियल करार
• पिंपरी-चिंचवड