काळ्या दगडाच्या पोटातील काळ

आपले पूर्वज कोकणातून मुंबई बंदरात आले आणि तिथून जहाजाने मॉरिशसला गेले. ऊस लावण्याआधी त्यांना शेतातले काळे दगड वेचावे लागले. त्या दगडांच्या राशी तिथल्या मळ्यांत आजही दिसतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या माणसाला हा दगड नवखा नव्हता. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण ठिकाणातून सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच ठिकाणाने पुढे मॉरिशस घडवले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. बेटावरचा सर्वांत जुना लाव्हा मात्र सुमारे 90 लाख वर्षांचाच आहे.

मग 2013 साली मॉरिशसच्या किनाऱ्यावरील वाळूत झिरकॉनचे फार जुने कण सापडल्याचे जाहीर झाले. वाळू काय, कुठूनही येऊ शकते, अशी शंका निघाली. 2017 साली जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे लुईस अश्वाल आणि त्यांचे सहकारी यांनी खुद्द बेटाच्या खडकातले झिरकॉन तपासले. खडक सुमारे 57 लाख वर्षांचा, पण त्यातले कण 250 ते 300 कोटी वर्षांचे!

हे वय कसे कळते? झिरकॉनचा स्फटिक तयार होताना थोडे युरेनियम आत घेतो, शिसे जवळजवळ घेत नाही. पुढे युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत जाते. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचा निम्मा भाग बदलायला सुमारे 447 कोटी वर्षे लागतात. दोहोंचे प्रमाण मोजले की वय निघते. हा स्फटिक इतका चिवट की तप्त लाव्ह्यातूनही टिकतो.

यावरून शास्त्रज्ञांनी ताडले की मॉरिशसच्या लाव्ह्याखाली जुन्या भूखंडाचा तुकडा गाडलेला आहे. त्याला ‘मॉरिशिया’ म्हणतात. गोंडवन हे महाखंड फुटत गेले आणि सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून सुटू लागला, तेव्हाचा हा अवशेष. गोंडवन हे नावही आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले. इथे बेसिंगस्टोकला आमच्या पायाखालचा पांढरा खडूही त्याच युगात समुद्रतळाशी साचला.

पण भूमी एकेकाळी जोडलेल्या होत्या, म्हणून आपल्या माणसांचे जाणे म्हणजे घरी परतणेच होते, असे म्हणणे बरोबर नाही. त्या काळी माणूसच नव्हता. आपली माणसे गरिबीमुळे आणि करारावर गेली. खंड कोट्यवधी वर्षांत दूर गेले. घरे एका अंगठ्याच्या ठशाने तुटली.

म्हणून दगडाइतकेच आम्हाला कागदाचे मोल वाटते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवासी मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नावाचे स्पेलिंग बिघडलेले असेल, पण क्रमांकावरून माणूस सापडतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो क्रमांक आजच विचारावा आणि मुलांच्या वहीत लिहून ठेवावा.