आभासी यंत्रांचे व यजमान सर्व्हरचे प्रशासन

आभासी यंत्र (व्हर्च्युअल मशीन) म्हणजे एका प्रत्यक्ष संगणकाच्या आत आज्ञावलीच्या साहाय्याने उभा केलेला स्वतंत्र संगणक होय. त्याला स्वतःचा प्रक्रियक, स्मृती, चकती व जाळेजोडणी असल्याचा अनुभव येतो. वस्तुतः ही सर्व साधने ज्याच्यावर ते चालते त्या यजमान सर्व्हरच्या साधनांचा वाटा असतात. अशी यंत्रे निर्माण करणे, त्यांना साधने वाटून देणे, त्यांवर देखरेख ठेवणे, बिघाड शोधून दूर करणे आणि त्यांतील माहितीच्या प्रती सुरक्षित राखणे या कामांना एकत्रितपणे आभासी यंत्रांचे प्रशासन म्हणतात. सातबारा उतारा, दाखले, शिष्यवृत्ती, परीक्षांचे निकाल अशा बहुतेक सार्वजनिक सेवा आज आभासी यंत्रांवरून पुरविल्या जातात. त्यामुळे या प्रशासनातील चुकीचा परिणाम थेट नागरिकांच्या कामावर होतो.

रचना व संज्ञा

ज्या प्रत्यक्ष संगणकावर आभासी यंत्रे चालतात त्यास यजमान (होस्ट) आणि त्यावरील आभासी यंत्रास अतिथी (गेस्ट) असे म्हणतात. या दोहोंमध्ये राहून साधनांची वाटणी करणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायजर ही संज्ञा आहे. हायपरव्हायजरचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात तो थेट यंत्रसामग्रीवर चालतो; व्हीएमवेअर ईएसएक्सआय, झेन व हायपर-व्ही ही याची उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारात तो नेहमीच्या कार्यप्रणालीवर एखाद्या साध्या आज्ञावलीप्रमाणे बसविला जातो. विद्यार्थ्यांच्या परिचयाचा व्हर्च्युअलबॉक्स या प्रकारात मोडतो. केव्हीएम हा लिनक्सच्या गाभ्याचाच भाग असल्याने ही विभागणी त्याला काटेकोरपणे लागू पडत नाही.

अतिथी यंत्राची संपूर्ण चकती यजमानाच्या दृष्टीने एक किंवा अधिक फायलींच्या रूपात असते. यामुळे संपूर्ण संगणक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलविणे किंवा त्याची हुबेहूब प्रत काढणे शक्य होते. याच कारणाने, ती फाईल बिघडल्यास संपूर्ण संगणक नाहीसा होण्याचा धोकाही संभवतो.

इतिहास

आभासी यंत्राची कल्पना आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात विकसित झाली. सीपी-४० व त्यानंतरची सीपी-६७ या प्रणालींमुळे एकाच महागड्या संगणकावर अनेक वापरकर्त्यांना स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखे काम करता येऊ लागले. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये एखादी संगणकरचना आभासीकरणास योग्य ठरण्यासाठी कोणत्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात याची औपचारिक मांडणी केली.

व्यक्तिगत संगणकांच्या प्रसारानंतर ही कल्पना काही काळ मागे पडली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती सामान्य सर्व्हरवर पुन्हा आणली. २००३ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून झेन हा मुक्त हायपरव्हायजर पुढे आला. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी या कंपन्यांनी प्रक्रियकातच आभासीकरणाची सोय केली. २००७ मध्ये केव्हीएमचा लिनक्सच्या गाभ्यात समावेश झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेऊन कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली. त्यानंतर अनेक संस्था केव्हीएमवर आधारित प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त प्रणालींचा विचार करू लागल्या.

साधनांचे वाटप

यजमानाजवळ असलेल्या साधनांपेक्षा अधिक साधने अतिथींना देऊ करणे यास अतिवाटप म्हणतात. सर्व अतिथी एकाच वेळी आपला पूर्ण वाटा वापरत नाहीत, या गृहीतकावर ते आधारलेले असते. उदाहरणार्थ, २५६ जीबी स्मृती असलेल्या यजमानावर प्रत्येकी १६ जीबीची वीस यंत्रे उभी केल्यास एकूण ३२० जीबी स्मृती देऊ केली जाते. प्रत्येक यंत्र सरासरी ९ जीबी वापरत असेल, तर प्रत्यक्ष गरज १८० जीबी राहते व अडचण येत नाही. परंतु निकालाच्या अथवा अर्जाच्या अखेरच्या दिवशी हाच वापर १४ जीबीवर गेला, तर गरज २८० जीबी होते. अशा वेळी यजमान स्मृतीतील मजकूर चकतीवर ढकलू लागतो आणि त्यावरील सर्वच यंत्रे मंदावतात.

प्रक्रियकाच्या बाबतीतही असेच घडते. अतिथीला काम करायचे असते, पण यजमानाचा प्रक्रियक मोकळा नसतो. या प्रतीक्षेच्या काळाला लिनक्समध्ये ‘स्टील टाइम’ व व्हीएमवेअरमध्ये ‘सीपीयू रेडी’ असे म्हणतात. हा आकडा वाढलेला असताना अतिथीला आणखी आभासी प्रक्रियक दिल्यास स्पर्धा वाढून वेग कधी कधी उलट कमी होतो. म्हणून गरजेपुरतेच प्रक्रियक देणे हा प्रशासनाचा सर्वमान्य नियम आहे.

साठवणुकीत ‘थिन प्रोव्हिजनिंग’ ही पद्धत वापरली जाते. तीत अतिथीला १ टीबीची चकती दाखविली जाते, पण प्रत्यक्ष जागा माहिती लिहिली जाईल तशी व्यापली जाते. ४ टीबीच्या साठ्यावर अशा दहा चकत्या सहज मावतात. मात्र त्या भरत गेल्या आणि मूळ साठा संपला, की अतिथीच्या आत मोकळी जागा दिसत असूनही त्याचे लेखन थांबते आणि यंत्र ठप्प होते. त्यामुळे साठ्याची पातळी ठरावीक मर्यादेवर जाताच सूचना मिळण्याची व्यवस्था आवश्यक असते.

दोषनिवारण

आभासी यंत्राच्या बिघाडाचे कारण अतिथी, हायपरव्हायजर, साठवण, जाळे किंवा प्रत्यक्ष यंत्रसामग्री यांपैकी कोणत्याही थरात असू शकते. म्हणून दोषनिवारणात पुढील क्रम पाळला जातो.

१. व्याप्ती ठरविणे : बिघाड एकाच अतिथीत आहे, एका यजमानावरील सर्व अतिथींत आहे, की एका साठ्यावरील सर्व अतिथींत आहे, हे प्रथम पाहतात. एवढ्याने बहुतेक वेळा दोषाचा थर कळतो.

२. कन्सोल तपासणे : जाळ्यावरून पोहोचता येत नसले, तरी हायपरव्हायजरच्या कन्सोलवर यंत्र दिसू शकते. तेथे प्रवेश होत असेल, तर दोष जाळ्याकडे शोधला जातो.

३. अलीकडील बदल शोधणे : नवे अद्ययावतीकरण, नवे यंत्र, बदललेली जोडणी किंवा मुदत संपलेले प्रमाणपत्र यांची नोंद पाहतात.

४. यजमान तपासणे : मोकळी स्मृती, साठ्यातील शिल्लक जागा, चकत्यांची स्थिती, लेखनास लागणारा वेळ व तापमान यांची पाहणी करतात.

५. नोंदी राखणे : यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी नोंदवह्या (लॉग) जतन करतात. घाईने पुनरारंभ केल्यास सेवा तात्पुरती सुरू होते, पण कारण शोधण्याचा पुरावा नष्ट होऊ शकतो.

साठा भरल्याने थांबलेल्या यंत्रावर स्नॅपशॉट घेणे हा उपाय नव्हे, कारण स्नॅपशॉटलाही जागा लागते. प्रथम अनावश्यक प्रतिमा-फायली हलवून जागा मोकळी करावी लागते. स्नॅपशॉटच्या फायली हाताने पुसल्यास त्यांची साखळी तुटून संपूर्ण चकती निरुपयोगी होऊ शकते. एखाद्या यंत्राची प्रत काढून दुसरे यंत्र उभे केल्यास दोघांचा जाळेपत्ता एकच राहण्याचा धोका असतो. अशी दोन्ही यंत्रे आलटून-पालटून बंद पडल्यासारखी भासतात.

सुरूच न होणाऱ्या अतिथीची चकती दुसऱ्या निरोगी यंत्राला जोडून दुरुस्त करता येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा क्लाउडवरील अनेक आभासी यंत्रे याच पद्धतीने पूर्ववत करण्यात आली.

वीजपुरवठा व वेळ

अचानक वीज गेल्यास एका यजमानाबरोबर त्यावरील सर्व अतिथी एकदम बंद पडतात आणि अर्धवट लिहिलेली माहिती नष्ट होऊ शकते. म्हणून यूपीएसची बॅटरी ठरावीक पातळीखाली जाताच यंत्रे क्रमाने बंद होतील अशी योजना केली जाते. वीज परतल्यावर प्रथम जाळे व साठवण, मग यजमान, त्यानंतर नावसेवा, माहितीसाठा आणि अखेरीस संकेतस्थळ असा क्रम पाळतात. यजमानाला सुरू होण्यासाठी लागणारी नावसेवा त्याच यजमानावरील अतिथीत ठेवल्यास दोघेही एकमेकांवर अडून राहतात. ही चूक बहुधा वीज गेल्यावरच ध्यानात येते.

अतिथीचे घड्याळ मागे-पुढे झाल्यास प्रवेश नाकारला जाणे, स्वाक्षऱ्या अवैध ठरणे असे दोष उद्भवतात. सीईआरटी-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणकांची वेळ राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र (एनआयसी) अथवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळसेवेशी किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सेवेशी जोडणे, नोंदवह्या १८० दिवस राखणे आणि सुरक्षाविषयक घटना सहा तासांत कळविणे अपेक्षित आहे.

स्नॅपशॉट व बॅकअप

स्नॅपशॉट म्हणजे एका क्षणी असलेल्या यंत्राच्या स्थितीची खूण होय. तो मूळ चकतीवरच अवलंबून असतो. चकती गेल्यास स्नॅपशॉटही जातो. त्यामुळे त्यास बॅकअप मानता येत नाही. बॅकअपसाठी माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दूरच्या ठिकाणी, हा नियम प्रचलित आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या माहिती केंद्राला आग लागली, तेव्हा दूरची प्रत नसलेल्या अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. बॅकअप परत उतरवून पाहिल्याशिवाय तो उपयुक्त असल्याची खात्री देता येत नाही. म्हणून अशी चाचणी नियमितपणे घेतली जाते.

सुरक्षा

एका अतिथीतून बाहेर पडून यजमानावर ताबा मिळविणे हा या क्षेत्रातील गंभीर धोका होय. २०१५ मध्ये उघडकीस आलेला ‘व्हेनम’ हा दोष क्यूईएमयू या आज्ञावलीतील जुन्या फ्लॉपी-नियंत्रकाच्या भागात होता. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ या दोषांचे मूळ प्रक्रियकाच्या रचनेतच होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआयआर्ग्स’ या खंडणीखोर आज्ञावलीने अद्ययावत न केलेल्या यजमानांवरील फायली कुलूपबंद केल्या. यजमानाचे व्यवस्थापन-पृष्ठ इंटरनेटला खुले न ठेवणे आणि अद्ययावतीकरण वेळेवर करणे हे यावरील प्राथमिक उपाय आहेत.

महाराष्ट्रातील वापर

राष्ट्रीय ई-शासन योजनेअंतर्गत राज्य माहिती केंद्रांच्या योजनेस केंद्र सरकारने जानेवारी २००८ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्राचे राज्य माहिती केंद्र मुंबईत असून, एनआयसीचे एक राष्ट्रीय माहिती केंद्र पुण्यात आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या कागदी फायली जळाल्या. त्यानंतर कार्यालयीन कामकाज संगणकीय करण्याच्या प्रयत्नांना वेग आला. एनआयसीची ‘मेघराज’ ही राष्ट्रीय क्लाउड सेवा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली. राज्य शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडविषयक धोरण जाहीर केले आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून दिला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली.

धाराशिव जिल्हा

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी असे आठ तालुके आहेत. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश झाला. नागरिकांना मिळणाऱ्या बहुतांश ऑनलाइन सेवांचे सर्व्हर जिल्ह्याबाहेरील माहिती केंद्रांत असल्याने, सेवा केंद्रात ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून जे सांगितले जाते त्यामागे वेगवेगळी कारणे असू शकतात : गावातील जोडणी तुटणे, तालुका व जिल्हा कार्यालयांना जोडणाऱ्या राज्यव्यापी जाळ्यातील खंड, दूरच्या यजमानावरील ताण किंवा अतिथी यंत्रातील दोष. एकच सेवा सर्वत्र बंद आहे, की एका गावात सर्वच सेवा बंद आहेत, एवढ्या निरीक्षणावरूनही दोषाची दिशा कळते. खरीप पीक विम्याच्या अखेरच्या दिवसांत हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण केवळ जोडणीचा दोष असल्यास शेतकऱ्याला शेजारच्या गावातून अर्ज भरता येतो. मूळ सर्व्हरच ठप्प असल्यास मात्र मुदतवाढीशिवाय मार्ग उरत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूरबरोबर तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर परिसराचीही मोठी हानी केली. माहितीची एक प्रत दूरच्या ठिकाणी ठेवण्याच्या नियमाला या जिल्ह्यात त्यामुळे विशेष अर्थ आहे. स्थानिक कार्यालय, महाविद्यालय वा सहकारी संस्थेत स्वतःचा यजमान सर्व्हर असल्यास, त्याची एक प्रत जिल्ह्याबाहेर ठेवणे उचित ठरते. उन्हाळ्यातील उच्च तापमान व वीजपुरवठ्यातील खंड लक्षात घेता, अशा ठिकाणी वातानुकूलन व यूपीएस यांची नियमित तपासणीही प्रशासनाचाच भाग मानावी लागते.

२०२३ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. अशा नामांतरात केवळ पडद्यावरील मजकूर बदलून भागत नाही. यंत्रांची नावे, प्रमाणपत्रे, नावसेवेतील नोंदी व माहितीसाठ्यातील संकेत परस्परांशी जोडलेले असल्याने, जुने व नवे नाव काही काळ सोबत चालू ठेवून टप्प्याटप्प्याने बदल करणे सुरक्षित ठरते.

हेही पाहा

हायपरव्हायजर
क्लाउड संगणन
माहिती केंद्र
लिनक्स
ई-शासन
धाराशिव जिल्हा