वैमानिकाची सहामाही परीक्षा

प्रवासी विमान चालवणाऱ्या वैमानिकाची पात्रता दोन स्वतंत्र पायांवर उभी असते आणि त्या दोहोंची गल्लत केली तर या व्यवसायाचा इतिहास नीट उलगडत नाही. पहिला पाया म्हणजे परवाना, जो व्यक्तीला मिळतो; दुसरा म्हणजे त्या परवान्यावर नोंदलेले टाइप रेटिंग, म्हणजेच अमुक एका प्रकारचे विमान चालवण्याची मुभा, जिला भारतीय वैमानिकांच्या रोजच्या बोलण्यात 'एन्डॉर्समेंट' म्हटले जाते. वीस वर्षे बोइंग ७३७ चालवलेला कॅप्टनही हे रेटिंग नव्याने मिळवल्याशिवाय एअरबस ए-३२० चालवू शकत नाही, आणि मिळवलेले रेटिंगही दर सहा महिन्यांनी होणाऱ्या प्रावीण्य तपासणीत टिकले तरच उपयोगाचे राहते. इतर बहुतेक व्यवसायांत पदवी एकदा पदरात पडली की ती जन्मभर पुरते. वैमानिकाच्या बाबतीत तसे का झाले नाही, याचे उत्तर गेल्या शतकातील अपघातांच्या चौकशीत सापडते.

आरंभी हा भेद मुळीच नव्हता. १९१० च्या सुमारास युरोपातील एरो क्लब आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार जी प्रमाणपत्रे देत, त्यांसाठी दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे घेत ठरावीक अंतर उडावे लागे, पन्नास मीटर उंची गाठावी लागे आणि इंजिन बंद करून नेमलेल्या जागेपासून पन्नास मीटरांच्या आत उतरावे लागे. विमान कोणते, हा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण त्या काळची विमाने परस्परांहून भिन्न असली तरी सारखीच साधी होती. १९१९ च्या पॅरिस कराराने आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्यांना क्षमतेचे प्रमाणपत्र आणि परवाना बंधनकारक केला, आणि क्लबांकडचा हा अधिकार हळूहळू सरकारांकडे गेला. भारतात मात्र १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटा यांना मिळालेले पहिल्या क्रमांकाचे प्रमाणपत्र एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेचेच होते. त्याच टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, तेव्हा त्या विमानासाठी आजच्या अर्थाने वेगळी परीक्षा त्यांना द्यावी लागली नव्हती.

विमानाचा प्रकार हा स्वतंत्र प्रश्न ठरला तो विमाने गुंतागुंतीची झाल्यावर. ओहायोतील राइट फील्ड येथे ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचे 'मॉडेल २९९' हे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान चाचणीसाठी उडाले आणि क्षणार्धात कोसळले. यंत्रात कसलाही बिघाड नव्हता; जमिनीवर उभे असताना वाऱ्याने नियंत्रण-पृष्ठे हलू नयेत म्हणून लावलेले कुलूप उड्डाणापूर्वी काढायचे राहून गेले होते, आणि ही चूक करणारे वैमानिक नवशिके नव्हते. या अपघातातून तपासणी-सूची, म्हणजे चेकलिस्ट, रुजली. त्यामागचा विचार सूचीपेक्षाही दूरगामी होता: कौशल्य कितीही असले तरी ते त्या विशिष्ट यंत्राच्या ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. आदल्याच वर्षी अमेरिकी लष्कराने टपालवाहतूक हाती घेतल्यावर वाईट हवामानात अनेक वैमानिक मेले होते, आणि त्यानंतर एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातील भात्यांच्या आधारे बनवलेली उड्डाण-शिक्षण पेटी लष्कराने विकत घेतली होती. आजच्या सिम्युलेटरचे मूळ त्या पेटीत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या विखुरलेल्या अनुभवाला कायद्याचे रूप आले. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना उभी राहिली, आणि तिच्या पहिल्या परिशिष्टाने परवाने व रेटिंग यांची चौकट घालून दिली. किमान दोन वैमानिक लागणाऱ्या विमानांना टाइप रेटिंग आवश्यक ठरले. सहाव्या परिशिष्टाने विमान कंपनीवर अशी जबाबदारी टाकली की आणीबाणी हाताळण्याची वैमानिकाची क्षमता कोणत्याही एका वर्षाच्या कालावधीत दोनदा तपासली जावी. या तरतुदीला जोडलेली अट मार्मिक आहे: चार महिन्यांच्या आत झालेल्या दोन सारख्याच तपासण्या ही गरज भागवत नाहीत. पहिली परीक्षा ताजी असतानाच दुसरी उरकून घेण्याची पळवाट नियम करणाऱ्यांनी आधीच ओळखली होती, असे म्हणावे लागते. भारतात १९३४ चा विमान अधिनियम आणि १९३७ चे विमान नियम हा या व्यवस्थेचा आधार राहिला.

जेट विमानांच्या आगमनाने या नियमांचा खरा अर्थ लोकांना कळला. ३ मार्च १९५३ रोजी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे नवे कोरे कॉमेट विमान कराचीहून उड्डाण घेताना धावपट्टीपलीकडे जाऊन कोसळले आणि त्यातील सर्व ११ जण ठार झाले. कॅप्टन पंख्यांच्या विमानांवर मुरलेला होता, पण कॉमेटचा त्याचा अनुभव तुटपुंजा होता. या विमानाचे नाक धावपट्टीवरच गरजेपेक्षा अधिक उचलले, तर पंखांची उचल घटून विमान जमीन सोडतच नसे. दोष केवळ वैमानिकाचा नव्हता, कारण पुढे पंखाच्या पुढच्या कडेची रचनाच बदलावी लागली. पण जुन्या विमानावर मिळवलेली सवय नव्या विमानावर घातक ठरू शकते, हे या अपघाताने दाखवून दिले. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ आणि इंडियन एअरलाइन्सने १९६४ मध्ये कॅराव्हेल ही जेट विमाने सेवेत आणली, तेव्हा अनुभवी वैमानिकांनाही पुन्हा वर्गात बसावे लागले.

तपासणीत नेमके काय पाहिले जाते, हे एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. प्रत्येक उड्डाणापूर्वी विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी आणि हवामान यांवरून 'व्ही-वन' नावाचा वेग ठरवला जातो. त्या वेगापर्यंत उड्डाण रद्द करून धावपट्टीवर थांबता येते, त्यानंतर मात्र इंजिन गेले तरी उडावेच लागते. परीक्षक बहुधा हा वेग ओलांडल्यानंतरच्या क्षणी एक इंजिन बंद पाडतो. डावे इंजिन थांबले की विमानाचे नाक डावीकडे वळू लागते, आणि वैमानिकाने उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीवरील उभे सुकाणू, योग्य तेवढेच दाबून विमान सरळ ठेवायचे असते. नंतर एका इंजिनावर उतरण्याचा प्रयत्न, तो सोडून पुन्हा वर जाणे आणि अखेर उतरणे, हा क्रम ओघाने येतो.

अनेक वर्षे ही परीक्षा खऱ्या विमानात, खऱ्या आकाशात होत असे, आणि अपघात टाळण्यासाठी योजलेली परीक्षाच अपघाताचे कारण ठरू लागली. ३० मार्च १९६७ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे डेल्टा कंपनीचे डीसी-८ विमान दोन इंजिने निकामी झाल्याचा सराव करताना वस्तीवर कोसळले, आणि मृत १९ जणांपैकी १३ जमिनीवरचे होते. दिल्लीच्या पालम विमानतळावर ८ मार्च १९९४ रोजी एका प्रशिक्षण उड्डाणात बोइंग ७३७ कोसळून उभ्या असलेल्या रशियन विमानावर आदळले. इंजिन बंद पडल्याच्या सरावात शिकाऊ वैमानिकाने चुकीच्या बाजूचे रडर दाबल्याचा निष्कर्ष निघाला. त्या दुर्घटनेत ९ जणांचा बळी गेला.

यावरचा उपाय सिम्युलेटर हाच होता. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने १९८० मध्ये प्रगत सिम्युलेटरांची योजना मान्य केली, आणि पुढे सर्वोच्च श्रेणीच्या यंत्रावर संपूर्ण टाइप रेटिंग घेण्याची सोय झाली. अनुभवी वैमानिक पहिल्यांदा खरे विमान चालवतो तो आता प्रवाशांसह, शेजारी प्रशिक्षक असताना. हा बदल निर्विवाद हिताचा होता, तरी त्याची एक मर्यादा टेनेरीफ येथे २७ मार्च १९७७ रोजीच उघड झाली होती. तेथे धुक्यात परवानगीविना उड्डाण सुरू करणाऱ्या केएलएमच्या कॅप्टनकडे कंपनीच्या बोइंग ७४७ प्रशिक्षणाचीच सूत्रे होती. सिम्युलेटरमध्ये उड्डाणाची परवानगी देणाराही प्रशिक्षक स्वतःच असतो, आणि त्या सवयीचा परिणाम झाला असावा, अशी चर्चा चौकशीत झाली. ५८३ माणसे मरण पावलेल्या या अपघातानंतर तपासणीचा रोख हातांच्या कौशल्याकडून दोन वैमानिकांमधील संवादाकडेही वळला.

बंगळूरचा अपघात भारतीय वाचकाला अधिक जवळचा आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आपटले आणि ९२ जण मरण पावले. डाव्या आसनावरील वैमानिकाची त्या दिवशी कॅप्टनपदासाठी तपासणी चालू होती आणि उजवीकडे तपासणारा कॅप्टन बसला होता. दोघांनीही अन्य विमानांवर हजारो तास काढले होते. ए-३२० चा अनुभव मात्र पहिल्याला शंभर तासांहून आणि दुसऱ्याला तीनशे तासांहून कमी होता. इंजिने किमान शक्तीवर ठेवणारी स्वयंचलित पद्धत चालू राहिल्याने वेग घटत गेला, आणि ते लक्षात येईपर्यंत उशीर झाला. नव्या विमानाच्या पहिल्या काही महिन्यांत तपासणाराही बराचसा शिकाऊच असतो. हा प्रश्न कोणत्याही नियमावलीने पूर्णपणे सोडवलेला नाही.

गेल्या दशकात ही व्यवस्था उलट्या दिशेने ताणली गेली. स्वतंत्र रेटिंग म्हणजे सिम्युलेटरचा खर्च आणि वैमानिकांची आठवडे-आठवडे गैरहजेरी, त्यामुळे नवे विमान जुन्याच रेटिंगमध्ये बसवण्याचा मोह उत्पादक आणि कंपन्या या दोघांनाही होता. बोइंग ७३७ मॅक्ससाठी जुन्या ७३७ च्या वैमानिकांना संगणकावरील थोडे प्रशिक्षण पुरेसे मानले गेले, आणि नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या प्रणालीचा उल्लेखही त्यांच्या पुस्तिकेत नव्हता. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे दगावली, तेव्हा कुठे सिम्युलेटरवरील प्रशिक्षण अनिवार्य झाले. भारतात एप्रिल २०२२ मध्ये असे आढळले, की धोक्याच्या वेळी नियंत्रण-दांडा थरथरवून वैमानिकाला सावध करणारी यंत्रणा ज्या सिम्युलेटरमध्ये नीट चालत नव्हती, त्यावरच काहींचे हे प्रशिक्षण उरकले गेले होते. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने ९० वैमानिकांना मॅक्स चालवण्यास मनाई करून ते पुन्हा घेण्याचा आदेश दिला.