उजेडांतील आकाश आणि द्विनेत्री दुर्बीण

दुर्बीण जितकी मोठी तितकें आकाश अधिक दिसतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदींच खोटी नाहीं. पण केवळ तिच्या भरंवशावर द्विनेत्री दुर्बीण, म्हणजे लोकांच्या बोलण्यांतील ‘बायनॉक्युलर’, विकत घेणाराची पुष्कळदां निराशा होते. भिंगाचा आकार पाहिला जातो. पण ज्या आकाशाखालीं तें वापरावयाचें आणि ज्या डोळ्याला तें लावावयाचें, त्यांचा विचार मागें राहतो. या उपकरणाचा इतिहास नेमका तोच विचार शिकवितो.

इ. स. १६०८ च्या ऑक्टोबरांत हॉलंडमधील मिडलबर्ग येथील चष्मेवाला हान्स लिपरशे यानें दूरदर्शक नळीच्या हक्काकरितां सरकारकडे अर्ज केला. अधिकाऱ्यांनीं त्याला दोन्ही डोळ्यांनीं पाहतां येईल अशी नळी करून आणावयास सांगितलें. त्यानें ती केलीही. परंतु ही युक्ति इतरांसही ठाऊक आहे असें ठरून त्यास एकाधिकार मिळाला नाहीं. म्हणजे एकनेत्री व द्विनेत्री या जवळजवळ जुळ्या बहिणीच होत. द्विनेत्रीचें भाग्य मात्र उशिरां उघडलें. १८५४ सालीं इटलीच्या इग्नाझिओ पोरो यानें लोलकांच्या योगानें उलटी प्रतिमा सुलटी करण्याची व लांब नळी आखूड करण्याची योजना काढली, आणि १८९४ सालीं येना येथील झाइस कारखान्यानें लोलकांची द्विनेत्री बाजारांत आणली.

तरी एक उणीव राहिलीच होती. कोऱ्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारें ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एका नळींत असे दहा-बारा पृष्ठभाग असले, तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्रकाश वाटेंतच हरवतो. शिवाय परतलेला प्रकाश नळींत भटकून चित्र धुरकट करतो. १९३५ सालीं झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यानें भिंगांवर अतिशय पातळ लेप चढविण्याची कृति काढली, आणि ही हानि पुष्कळच कमी झाली.

दुसऱ्या महायुद्धांत आरमारांतून रात्रीच्या टेहळणीस ‘७×५०’ जातीची द्विनेत्री प्रसिद्धीस आली. यांतील पहिला आंकडा किती पट मोठें दिसतें तें सांगतो. दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरांत देतो. दुसऱ्यास पहिल्यानें भागलें म्हणजे डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. येथें ती सुमारें ७ मिलिमीटर येते. काळोखास सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुलीही साधारण तेवढीच उघडते. यंत्र जणूं डोळ्याच्या मापानें बेतलें होतें.

पण तें माप समुद्रावरील काळोखाचें. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांतील अंकुशनगर ही समर्थ सहकारी साखर कारखान्याची वस्ती. तिचा हिशेब निराळा. पावसाळा सरून आकाश निवळतें, कृत्तिका, रोहिणी व मृग माथ्यावर येतात, आणि नेमका तेव्हांच गळीत हंगाम ऐन भरांत असतो. कारखाना रात्रंदिवस चालतो; उसाच्या वाहनांना, वजनकाट्याला, पाळीवरच्या कामगारांना दिवे हवेतच. हा उजेड अनेकांच्या भाकरीचा आहे. त्यावर रागावून भागणार नाहीं.

अशा ठिकाणीं ‘१०×५०’ अधिक उपयोगी. तिचा झोत ५ मिलिमीटरांचा. उजेडांत बाहुली पुरती उघडत नाहीं, आणि वयाबरोबर तर तिचें उघडणें आणखी कमी होतें; मग ७ मिलिमीटरांच्या झोताचा बाहेरचा भाग वायांच जातो. बाहुली पुरती उघडली तरीही लाभ आहेच. तारा हा बिंदु. मोठेपणा वाढविल्यानें तो मंद होत नाहीं. मागील उजळ आकाश मात्र पसरतें, आणि ‘७×५०’ च्या मानानें जवळजवळ निम्मेंच उजळ दिसतें. दहापटीहून पुढें गेल्यास हाताचा कंप नडतो व तिवई लागते.

घेतांना भिंगांवरील लेप पाहावा. द्विनेत्री हातभर दूर धरली असतां मागील भिंगांत दिसणारें प्रकाशाचें वर्तुळ वाटोळें असावें, कडा कापलेलें नसावें. एका ताऱ्याचे दोन तारे दिसत असतील, तर ती वस्तु दुकानदारास परत करावी. पाहतांना भिंतीच्या आडोशास उभें राहावें, डोक्यावरून काळें कापड घ्यावें आणि अर्धा तास दिव्याकडे पाहूं नये.

एवढें केल्यावर कृत्तिकांचा पुंजका खुलतो. गॅलिलिओनें १६१० सालीं त्यांत ३६ तारे रेखाटले होते. पुष्यांतील पुंजकाही सांपडतो. परंतु आकाशगंगेचा पट्टा किंवा देवयानींतील तेजोमेघासारखी दीर्घिका हीं पसरट तेजें होत; आकाशाबरोबर तींही तितकींच फिकीं पडतात. तेथें कोणतेंही भिंग हात टेकतें.

मोठ्या वेधशाळांसही हेंच भोगावें लागलें. हा मुलूख ज्या हैदराबाद संस्थानांत १९४८ पर्यंत होता, तेथें नवाब जफर जंग यांनीं १९०१ सालीं निजामिया वेधशाळा स्थापिली. तिच्या ८ इंची छायाचित्र-दुर्बिणीनें ताऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीस हातभार लावला. पुढें १५ इंची दुर्बीणही आली. पण शहर वेधशाळेभोंवतीं वाढत गेलें, आणि १९६८ सालीं ४८ इंची दुर्बीण उभारली ती शहरापासून दूर, रंगापूर येथें.

वेधशाळा हलूं शकते. वस्ती हलूं शकत नाहीं. दिवा मात्र झांकतां येतो. त्यावर टोपण घालून प्रकाश खालीं, कामाच्या जागीं सोडला, तर काम अडत नाहीं आणि आकाशही वांचतें. नागपूरजवळील पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ सालीं भारतांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, तीही दिव्यांना अशीच शिस्त लावून. चांगली द्विनेत्री विकत मिळते. काळोख मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं मिळूनच राखावा लागतो.