ताकद नव्हती, की मैदान नव्हतं?

आजचा विषय खेळाच्या इतिहासातला, पण सुरुवात करू या एका जुन्या समजुतीपासून. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचं शरीरही दुबळंच असणार, असं लोक धरून चालत. शिकलेसवरलेले लोकसुद्धा.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला टोरांटो विद्यापीठात फ्रँक हेडन नावाचे संशोधक अशा मुलांची शारीरिक क्षमता मोजत होते. ती बरोबरीच्या मुलांच्या जेमतेम निम्मी भरली. म्हणजे समजूत खरी ठरली? हेडन तिथे थांबले नाहीत. हे अक्षमतेमुळे झालं, की या मुलांना कधी कोणी पळूच दिलं नाही म्हणून? त्यांनी काही मुलांकडून नियमित, दमवणारा व्यायाम करून घेतला आणि तो न करणाऱ्या मुलांशी तुलना केली. व्यायाम करणारी मुलं तंदुरुस्त झाली. दुबळेपणा आला होता तो बसवून ठेवल्यामुळे.

बरं, व्यायाम जमेल, पण सांघिक खेळ? नियम, पास, आपली जागा, हे यांना कसं जमणार? याचं उत्तर २० जुलै १९६८ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर मिळालं. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने पहिली स्पेशल ऑलिंपिक भरली. त्यांची बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अक्षमता होती. अमेरिका आणि कॅनडातून सुमारे १,००० खेळाडू आले. धावणं, पोहणं होतंच, शिवाय फ्लोअर हॉकीही होती आणि टोरांटोचा संघ ती खेळायला आला होता. सरळ काठी, मधे भोक असलेली चकती, आणि बर्फाऐवजी साधी जमीन. पळा, थांबा, वळा, पुन्हा पळा. पाय, पाठ, दम, सगळं कामाला लागतं. आणि आपण नाही गेलो तर संघात एक कमी पडतो, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशीही जातो.

आता याची दुसरी बाजू बघा. २००० साली सिडनी पॅरालिंपिकमध्ये या गटाच्या बास्केटबॉलचं सुवर्णपदक स्पेनने जिंकलं. पुढे त्याच संघातून खेळलेले पत्रकार कार्लोस रिबागोर्दा यांनी सगळं उघड केलं: १२पैकी १० खेळाडूंना बौद्धिक अक्षमता नव्हतीच! पदकं परत गेली. पण शिक्षा कोणाला झाली? बौद्धिक अक्षमतेचा अख्खा गटच पॅरालिंपिकमधून बाहेर काढला गेला. जगभरातल्या खऱ्या खेळाडूंची उमेदीची वर्षं त्यात गेली. २०१२च्या लंडन स्पर्धेत ते परतले, तेही ॲथलेटिक्स, जलतरण आणि टेबल टेनिस या तीनच खेळांत. बास्केटबॉल काही परतला नाही.

स्पेशल ऑलिंपिकमध्ये मात्र वयाची वरची मर्यादा नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. कारण शाळा असते तोवर थोडंफार मैदान मिळतं. शाळा संपली की माणूस घरात बसतो. चाळिशीतही घरचे त्याला ‘मुलगा’च म्हणतात, पण खेळायला कोणी बोलवत नाही. मग हातपाय बारीक होतात, जिना चढताना धाप लागते, आणि आपण पुन्हा तीच जुनी समजूत उगाळतो, की हे असेच असतात.

हेडन यांनी साठ वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आपण आज विचारायला हवा. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तर तो अशक्त का, हे नंतर बघू. आधी सांगा, शेवटचं त्याला कोणी संघात कधी घेतलं होतं?