पटाच्या रात्रीचं नाटक

झाडीपट्टीतल्या गावात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरवायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, नाटक कोणतं आणायचं? दिवसा बैलजोड्या आणि रात्री नाटक हा इथला रिवाज. या पटाच्या नाटकाचं मूळ धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ही झाडीपट्टी, सगळा धानाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास कापणी सुरू होते, पुढे मळणी उरकते. हातात चार पैसे येतात, बैल मोकळे होतात आणि बांध्या रिकाम्या पडतात. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे गावमेळा, भरू लागते, मागोमाग पट सुरू होतात. माहेरवाशिणी येतात, पाहुणे उतरतात, सोयरिकीची बोलणी होतात. जोड्या धावून झाल्या, त्या हाकणाऱ्या धुरकऱ्यांची बक्षिसं वाटून झाली, तरी एवढा गोतावळा रात्री जाणार कुठे? पूर्वी ना रस्ते धड, ना वाहनं. पाहुण्यांना उजाडेपर्यंत गुंतवून ठेवणं ही यजमान गावाची जबाबदारी.

ही जबाबदारी आधी दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांनी उचलली. ढोलकी, तुणतुणं, टाळ, शाहिराचा हजरजबाबीपणा आणि बाईचं सोंग घेतलेला नाच्या एवढ्यावर रात्र सरायची. पुढे संगीत नाटकाचं वारं इकडेही पोचलं. गावातल्याच हौशी मंडळींनी तोंडाला रंग लावला, पदं म्हटली. झाडीपट्टीच्या नाटकात आजही गाणी लागतात, विनोदी पात्र लागतं आणि प्रयोग रात्रभर चालावा लागतो. ही सगळी दंडारीची देणगी. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या लोकरंगभूमीची तपशीलवार नोंद करून ठेवली आहे.

रंगमंचही बांधीनेच दिला. प्रेक्षकांसाठी जमीन उताराने खोदायची आणि निघालेली माती रंगमंचाच्या बाजूला चढवायची. वर शामियाना, मागे रंगवलेले पडदे, पुढ्यात ऑर्गन-तबलेवाले. मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही नट दिसतो.

मागणी वाढली तशा व्यावसायिक मंडळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी ठाणं मांडलं ते वडशात. गोंदिया-चंद्रपूर लोहमार्गावरचं हे स्टेशन, वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरी, मागे कुरखेडा-आरमोरीचा टापू. कलावंतांना यायला आणि गाडी भरून गावोगाव जायला याहून सोयीची जागा नव्हती. हंगामात गावोगावची मंडळं वडशाला येऊन तारखा ठरवतात. आज या गावात प्रयोग, उद्या दुसऱ्या; तालमीला वेळ थोडा, म्हणून प्रॉम्प्टरचा भाव मोठा. याच मातीतले, कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

रिवाजाची खरी परीक्षा पटबंदीने घेतली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. पट थांबले, पण त्यामुळे नाटकं थांबली नाहीत. मंडई होती, जत्रा होती, आणि निमित्त नसलं तरी नुसत्या नाटकासाठीही गाव तिकीट काढत होतं. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर शर्यतींना वाट दिली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला आणि पट परतले. मधल्या काळात एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. बैलांच्या आधाराने आलेलं नाटक आता स्वतःच्या पायांवर उभं आहे.

पुण्या-मुंबईचे निर्माते प्रेक्षक घटल्याची तक्रार करतात, त्यांनी एकदा दिवाळीनंतर वडशाला यावं. तिकीट काढावं, गोधडी सोबत घ्यावी, आणि थंडीत पहाटेपर्यंत जागणारा प्रेक्षक डोळ्यांनी पाहावा.